मंजूर, मंजूर आणि आमची बारव

एम.ए.ला मध्ययुगीन इतिहास घेतला, तेव्हा त्याची पहिली चौकशी झाली ती पाण्याच्या टँकरपाशी. शेजारच्या काकूंनी विचारलं, हे शिकल्यावर नोकरी कुठं लागते. मी खरं ते सांगितलं: कुठंच नाही. त्यांना बरंच वाटलं. म्हणाल्या, म्हणजे पाणी भरायला तू घरीच असशील.

आमचं गाव दिंद्रुड आणि तेलगावच्या मधलं. सकाळी फाट्यावर यायचं, एसटी आली तर एसटी, नाहीतर काळीपिवळी, आणि मग बीड. वर्गात आम्ही मोजकीच टाळकी. काहींनी इतिहास घेतला होता स्पर्धा परीक्षेसाठी, बाकीच्यांनी दुसऱ्या विषयांच्या जागा भरल्या म्हणून. मी बाकीच्यांतली. पण त्याचं मला दुःख नव्हतं, कारण माझं खरं शिक्षण आधीच पार पडलं होतं. बी.ए.ची सगळी वर्षं मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिली होती. एसटीचा पास, वसतिगृहातलं पाणी, दुष्काळात परीक्षा फी माफ करा, विषय कुठलाही असो, वर 'जाहीर निषेध', मधे 'झोपेचं सोंग घेतलेलं प्रशासन' आणि खाली 'तीव्र आंदोलनाचा इशारा'. मधल्या जागेत फक्त मागणी भरायची. छापखान्यातला माणूस माझं पत्रक न वाचताच जुळवायला घ्यायचा.

तर हे असं हत्यार घेऊन मी मध्ययुगात शिरले. पहिलाच निबंध होता त्या काळातल्या दुष्काळांवर. मी लिहिलं, 'जुलमी, मदांध आणि निर्लज्ज सत्ताधाऱ्यांनी भुकेकंगाल रयतेकडून निर्दयपणे सारा वसूल केला.' आमचे सर बारीक अंगाचे, आवाज त्याहून बारीक. भाड्याच्या खोलीत नळ नाही म्हणून मोटारसायकलला पाण्याचा कॅन बांधून कॉलेजला यायचे आणि जाताना भरून न्यायचे. त्यांनी लाल पेन काढला आणि माझी विशेषणं एकेक करून खुडली. उरलं एवढंच: 'सत्ताधाऱ्यांनी रयतेकडून सारा वसूल केला.'

सर म्हणाले, "आता हे तपासता येतं. किती घेतला, कुठं घेतला, कुणी लिहून ठेवलं."

मला राग आला. अन्यायाला अन्याय म्हणायचं नाही, मग इतिहास शिकायचा कशाला? मी तसं विचारलंही. सर कॅनचं झाकण घट्ट करत म्हणाले की म्हण ना, कुणी अडवलंय. पण त्या वेळी तिथं हजर कोण होतं ते आधी सांग.

ह्या 'हजर कोण होतं'नं माझं डोकं पिकवलं. कारण लघुप्रबंधाला सरांनी विषय दिला तोच मुळी हजेरीचा: गोतसभा आणि महजर. जुन्या काळी गावात वतनाचा, शिवेचा, पाण्याचा तंटा झाला की गोतसभा भरायची. पाटील, कुलकर्णी, शेट्ये, बलुतेदार, सगळे बसायचे. जो निवाडा होईल त्याचा कागद व्हायचा, तो महजर. त्यात आधी कोण कोण हजर होतं त्यांची नावं, मग तंटा, मग निवाडा. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते आपल्या धंद्याची खूण काढायचे. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, चांभाराची आरी. मोडी वाचता वाचता माझे डोळे फुटायची वेळ आली, पण त्या खुणा दिसल्या की मजा यायची. कुठला कोण लोहार, त्यानं कधी तरी हातोडा काढून ठेवला आणि तो अजून तिथं आहे.

गोडवे गायला मी बसलेले नाही. त्या सभेत सगळ्यांचं वजन सारखं नव्हतंच, आणि बायांच्या खुणा शोधून शोधून मला फार थोड्या सापडल्या. पण कोण बसलं होतं हे तरी कागदावर यायचं.

आणि आमच्याकडं? आमच्याकडं सोसायटी. गावोगावी असते तशी, खत-बियाणं देणारी सहकारी सोसायटी. वर्षातून एकदा तिची सर्वसाधारण सभा. मंडप, सतरंजी, चेअरमनच्या गळ्यात हार. गटसचिव विषय वाचायला लागतो. तो 'विषय क्रमांक' एवढं म्हणतो न म्हणतो तोच पुढची रांग ओरडते, "मंजूर." मागची रांग पुढच्या रांगेचं ऐकून ओरडते, "मंजूर." वाक्य संपेपर्यंत थांबणारा माणूस मी पाहिलेला नाही. कारण मंडपाच्या मागं मसालेभाताचं पातेलं उघडलेलं असतं आणि जिलबीचा वास येत असतो. सहकार म्हणे! सहकार त्या पातेल्यापाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो.

एवढं मी नुसतं चिडून सोडून दिलं असतं. पण त्या साली विषय आमच्या बारवेचा निघाला.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. सोसायटीच्या पाठीमागं आहे, दगडी, चौकोनी, यादवांच्या काळातली असावी असं सर म्हणतात (सर 'असावी' म्हणतात, 'आहे' म्हणत नाहीत). माझ्या आठवणीत ती कचऱ्यानंच भरलेली. चेअरमनना गोदामाची योजना मंजूर करून आणायची होती, त्याला जागा दाखवायला पाहिजे. तर बारव बुजवायची आणि वर गोदाम. सभेच्या नोटिशीत सातवा विषय म्हणून तो सरळ छापून आला होता. गोदाम वाईट नव्हतं, खतासाठी तेलगावला हेलपाटे घालणं वाचलं असतं. पण जागा तीच कशाला?

दुष्काळ असा की भर पावसाळ्यात टँकर चालू होता. टँकर यायचा, सरकारी विहिरीत पाणी सोडायचा, आणि त्या विहिरीला ना पायऱ्या ना कठडा. काठावर उभं राहून वरून बादली सोडायची. सगळं गाव एकाच वेळी. त्या उन्हाळ्यात त्या काठावर रेटारेटीत आई पडली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात वाकडाच राहिला. वाकड्या हातानं तिला पोहरा ओढता येईना. भरलेली घागर मात्र ती डोक्यावर उचलून चालू शकत होती. म्हणून तिला बारव पाहिजे होती, कचरा काढून. तिला यादव नको होते, पायऱ्या पाहिजे होत्या. उतरायचं, बुडवायचं, चढायचं. दोरी नाही, ढकलाढकली नाही. बारव बुजली की तिला जन्मभर दुसऱ्यानं ओढलेल्या पाण्याची वाट बघत बसावं लागणार होतं, आणि माझ्या आईला वाट बघण्याची सवय नाही.

मी लगेच पत्रक लिहायला बसले. 'जाहीर निषेध' लिहून झालं. आईनं विचारलं की हे कुणाला देणार, तर मी म्हणाले, तहसीलदारांना, कलेक्टरना, पेपरला. आईनं विचारलं, सभा कुणाची हाय? मी म्हणाले, सोसायटीची. मग तिनं मला आठवण करून दिली की सोसायटीची सभासद ती स्वतः आहे. खरंच होती. एका घरात दोन सभासद असले की खताच्या गोण्या जास्त मिळतात, म्हणून वडिलांनी तिच्या नावानं शेअर घेतला होता. त्यानंतर तिला कुणी सभेला बोलावलं नव्हतं आणि तीही गेली नव्हती. आमच्या गावातल्या निम्म्या बाया अशा सभासद आहेत. गोणीपुरत्या.

निषेध फाडला. आईच्या नावानं अर्ज केला: गावची बारव साफ करून सगळ्या आळ्यांना खुली ठेवावी. 'सगळ्या आळ्यांना' हे मी मुद्दाम घातलं. आम्ही खालच्या आळीतले. माझ्या आजीला त्या बारवेच्या पहिल्या पायरीवरही पाय ठेवू देत नसत. कुणीतरी वरून ओतलं तर पाणी. त्यामुळं 'पूर्वजांनी सर्वांसाठी बांधलेली' वगैरे जे पत्रकात शोभतं, ते ह्या अर्जात बसत नव्हतं. अर्जात एकही विशेषण नव्हतं. सरांनी वाचला असता तर लाल पेन खिशातच राहिला असता.

गटसचिवानं अर्ज घेतला. मुदतीत आलेला, सभासदाचा, नाकारता येईना. त्यानं चेअरमनना विचारलं म्हणे, आणि चेअरमन म्हणाले की घे शेवटी, कोण ऐकतंय.

चेअरमनचं बरोबर होतं. कोणीच ऐकत नव्हतं.

सभेच्या दिवशी आई नवं लुगडं नेसून पुढच्या सतरंजीवर जाऊन बसली. माणसांनी जरा सरकून घेतलं, जसं एसटीत सरकतात. मी सभासद नाही, म्हणून मंडपाच्या खांबाला टेकून उभी. सचिव वाचत सुटला. अहवाल, मंजूर. हिशेब, मंजूर. सातवा विषय, बारवेच्या जागेवर गोदाम, मंजूर, मंजूर. मी खांबाशी दात-ओठ खात होते. मग शेवटचा विषय, सदर बारव साफ करून सगळ्या आळ्यांना खुली ठेवणे.

"मंजूर," पुढची रांग ओरडली. "मंजूर," मागची रांग ओरडली. काही जण तर उठून पातेल्याच्या दिशेनं निघालेही.

सचिवाच्या हातातला पेन तिथंच थांबला. एकाच सभेत तीच बारव बुजवायचीही ठरली होती आणि साफ करायचीही.

आई बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाली, "चेअरमनसाहेब, आता बुजवून साफ करायची, का साफ करून बुजवायची, तेवढं सांगा."

मंडप हसला. उठलेले परत बसले, कारण जिलबीपेक्षा हे बरं वाटलं असणार. चेअरमनही कसनुसे हसले. म्हणाले, शेवटचा विषय धरू नका, लोकांनी नीट ऐकला नाही. मला राहवलं नाही. मी खांबापासून विचारलं, "मग सातवा तरी कुणी ऐकला?"

"कावून घोळ घालायलीस गं पोरी," ते म्हणाले. "तू सभासद हायस का?"

"मी न्हाई. पण माझी माय हाय, आन् ती हजर हाय."

आता चेअरमनची पंचाईत अशी की शेवटचं 'मंजूर' खोटं म्हणावं तर वरची सगळी 'मंजूर' खोटी पडतात. अहवालसुद्धा, हिशेबसुद्धा. हे त्यांच्या माझ्याआधी ध्यानात आलं, उगाच नाही ते इतकी वर्षं चेअरमन. त्यांनी सचिवाला सांगितलं की दोन्ही विषय परत वाच, सावकाश वाच. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आमच्या सोसायटीत एक वाक्य शेवटपर्यंत वाचलं गेलं.

मग जी बोलाचाली झाली ती मी सांगत बसत नाही. चेअरमननी गोदामाची बाजू मांडली आणि चांगली मांडली. फाट्यावर गॅरेज चालवणारे भाई, त्यांचीही थोडी जमीन आहे, त्यांनी विचारलं की फाट्याजवळ सोसायटीचा जो मोकळा तुकडा पडलाय त्याला काय लोणचं घालायचंय? ट्रक थेट दारात लागेल. कुणीतरी मागून म्हणालं की तिथं चेअरमनच्या कडब्याची गंजी हाय. पुन्हा हशा. चेअरमन म्हणाले, गंजी हलवतो, पण आता जेवू द्या. हात वर झाले. गोदाम फाट्यावर, बारव साफ.

मी सचिवाला म्हणाले, नावं लिहा, कोण हजर होतं ते. तो वैतागला, तर भाईंनीच कागद ओढला आणि सही करून पुढं गॅरेजातल्या पान्याचं चित्र काढलं. मी महजरातल्या खुणांची गोष्ट सांगितली होती त्यांना कधीतरी, काळीपिवळीचं पंक्चर निघेपर्यंत. ते बघून दुसऱ्यानं ट्रॅक्टर काढला, तिसऱ्यानं कोयता. एकानं चेअरमनना डिवचलं, "तुमी खुर्ची काढा."

"मी ऊस काढतो," चेअरमन म्हणाले. "सगळं पाणी तोच पितो म्हणताव ना तुमी." आणि खरंच काढला, पानांसकट.

आईनं वाकड्या हातानं सही केली आणि बाजूला पायऱ्या काढल्या, एकाखाली एक.

बारव उपसायला गाव आलं, वरची आळीही आणि खालचीही. टायर निघाले, चपला निघाल्या, विसर्जनाचे गणपती निघाले. तळाशी गाळ आणि गाळाखाली पाण्याचा पाझर. पिण्याला अजून टँकरच लागतो, पण धुण्याला, भांड्यांना, जनावरांना बारव पुरते. सरांना मी त्या कागदाचा फोटो दाखवला आणि सोबत चार ओळी लिहून नेल्या, 'ऐतिहासिक विजय' अशा. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला, ऊस बघून हसले, आणि 'ऐतिहासिक'वर काट मारली.

पाणी साठलं त्या सकाळी आई पहिल्यांदा खाली उतरली. आजीला जी पहिली पायरी बंद होती तिच्यावरून सरळ तळापर्यंत. घागर बुडवली, डोक्यावर घेतली, आणि चढून वर आली ती दम खात, गुडघे धरत, शिव्या देत. मला वाटलं आता काही तरी छान बोलेल. ती म्हणाली, "ह्या पायऱ्या ज्यानं बांधल्या ना, त्यानं जन्मात कधी घागर उचलली न्हवती. लई उंच हायत."

हे वाक्य मी लघुप्रबंधात जसंच्या तसं घातलं. सरांनी समासात लिहिलंय, 'पुरावा?' मी त्यांना गावी बोलावलंय. भरलेली घागर आई देणार आहे.