खपल्या घासून गेलेला माणूस

आमच्या धाकट्या भावजींचं केस कापायचं दुकान. खुर्च्या दोनच, एक त्यांची, एक माझ्या मुलाची. जन्मभर भावजींनी दुसऱ्यांना माणसात आणलं. खुर्चीत बसताना अस्वल असलेला गडी उठताना नवरदेव होऊन उठायचा.

मग त्यांच्याच अंगावर लाल चट्टे उठले, वर पांढऱ्या खपल्या. आधी कोपर, मग गुडघे, शेवटी हातांच्या पाठी. सोरायसिस. लागण होत नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. भावजींनी तो आरशाला चिकटवला. गिऱ्हाइकं तो वाचायची आणि माझ्या मुलाच्या खुर्चीत जाऊन बसायची.

पुढे बोटं सुजली. सकाळी कात्री मिटेना. तेही त्याच दुखण्याचं, म्हणे. अंगातले राखणदार घरच्यांनाच चोर समजून बडवतात, असं डॉक्टरांनी समजावलं. असे राखणदार मी सासरी बरेच पाहिलेत.

मोठ्या दवाखान्यात नव्या इंजेक्शनवर संशोधन चाललं होतं. ज्यांचं दुखणं जास्त त्यांनाच घेणार होते. भावजींना त्यात जायचंच होतं. हात सुधारले तर खुर्ची परत मिळणार होती. "आहात तसे या, मलम लावू नका," असं फोनवर सांगितलं होतं.

तपासणीला जायच्या दिवशी भावजी न्हाणीघरातून बाहेरच येईनात. आले तेव्हा हातपाय लालबुंद, पण साफ.

"लग्नाला निघालात की काय?" मी विचारलं.

"लोकांसमोर जायचं, वहिनी. भुसा सांडत जाऊ? तेल चोळलं नि दगडाने घासलं. मलम नाही हां लावलं. नको म्हणालेत."

मला ते बरोबरच वाटलं. सोबत मीच गेले.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या नातीएवढ्या. लाली किती, जाडी किती, खपल्या किती, सगळ्याला गुण देतात. त्यांनी भावजींचं कोपर उजेडात धरलं.

"काका, खपल्या कुठायत?"

"काढल्या. पार घासून काढल्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, त्याच तर मोजायच्या होत्या."

"मग भरपूर आहेत की. घरी चादरीवर पडल्यात. आणून देऊ?"

बाईंनी पुन्हा सगळं अंग पाहिलं. आकडा कमीच भरला. "आज दिसतं तेच लिहावं लागतं, काका. जागा उरली तर पुन्हा तपासायला बोलावू."

घरी येताना भावजी खिडकीबाहेर बघत होते.

खपल्या आपणहून परत आल्या. मग दवाखान्यातून फोन आला, जागा भरल्या म्हणून. तो भावजींनीच घेतला. "बरं," म्हणाले आणि वस्तऱ्याला धार लावत बसले. त्यांच्या खुर्चीत तर कोणी बसत नव्हतं.

परवा दुकानात डबा घेऊन गेले, तर भावजी स्वतःच्या खुर्चीत गिऱ्हाइकासारखे बसलेले. मुलगा त्यांचे केस कापत होता. टाळूवरही आता खपल्या आहेत.

"काका, थोडं तेल लावून सोडवू का?"

"हात लावू नकोस."

"अहो, खांद्यावर पडतायत."

"पडू देत. बाईंनी बोलावलं तर?"

मुलाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी डबा फळीवर ठेवला. त्याने खपल्या चुकवत चुकवत पुढे कापायला सुरुवात केली.