काचेवरच्या कुरडया

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन तर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही लिहिलं ते मापांच्या वहीत: छाती, कंबर, बाही, उंची. तिथे ऱ्हस्व-दीर्घाची कोणी चौकशी केली नाही, बाही बरोबर बसली की झालं. हेही त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. चुकून कोणाच्या हाती पडलं तर त्याने चुकांकडे काणाडोळा करावा. एक गोष्ट आहे, ती मी आयुष्यात एकाच माणसाला तोंडाने सांगितली. तेवढी कागदावर उतरवायची आहे.

आमचे हे अंबडला एका कारखान्यात बसगाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायचे. कारखाना बंद झाला तेव्हा हातात थोडे पैसे आले. कोणी म्हणालं रिक्षा घ्या, कोणी म्हणालं दुकान टाका. ह्यांनी ट्रॉली बांधून घेतली. जुन्या जीपचा आस, दोन चाकं, वर लोखंडी पत्र्याची खोली. एक दार, दोन खिडक्या. एका खिडकीशी पायाचं शिलाई मशीन, दुसऱ्या खिडकीशी माझा स्टो, मध्ये एक फळी. दिवसा तिच्यावर कापड कापायचं, रात्री तिच्यावरच झोपायचं.

दिवाळी झाली की आम्ही निघायचो. दिंडोरी, वणीकडे द्राक्षाच्या बागा. पेठ, सुरगाण्याकडची माणसं तिथे छाटणीपासून काढणीपर्यंत मुक्कामाला असायची. त्यांना होळीला नवे कपडे घालून घरी जायचं असे, आणि बाजारात जाऊन शिंप्याकडे खेपा घालायला वेळ नसे. म्हणून शिंपीच त्यांच्याकडे जायचा. एका बागेतून दुसऱ्या बागेत मालकाचा ट्रॅक्टर आमची ट्रॉली ओढून नेई. द्राक्षं संपली की नामपूरकडे कांदा काढणीला जाणाऱ्या टोळ्यांमागे जायचं. पावसाळ्यात परत अंबडच्या भाड्याच्या खोलीत. खोलीत मला करमत नसे. ट्रॉलीत सकाळी खिडकी उघडली की रोज निराळं अंगण दिसायचं.

मुक्कामाची जागा मी निवडायचे. तेवढ्या बाबतीत माझा शब्द चाले. मी नेहमी सावली बघायची. आंबा असला तर उत्तम, नाहीतर निंब. पत्र्याच्या खोलीला सावली नसेल तर दुपारी भाकरी तव्याशिवाय भाजेल.

अडचण उजेडाची होती. गिऱ्हाईक यायचं दिवस मावळल्यावर, बागेतून सुटल्यावर. माप द्यायचं, घालून बघायचं, घट्ट-सैल सांगायचं ते सगळं संध्याकाळी. आमच्याकडे गॅसबत्ती होती. तिचा तो सूंऽ आवाज, रॉकेलचा वास, किड्यांची झुंबड. नव्या कपड्याला रॉकेलचा वास लागला की बायका नाक मुरडायच्या. एकदा पेठकडच्या एका बाईचं हिरवं कापड मशीनवर होतं, लेकीच्या हळदीच्या झंपराचं. बत्तीची जाळी फुटून ठिणगी पडली आणि बरोबर पाठीच्या तुकड्याला भोक पडलं. बाई दारात उभी होती.

"शिवायला टाकलं व्हतं," ती म्हणाली, "जाळायला नाय."

आम्ही दुसरं कापड घेऊन दिलं. पण ती शिवून झाल्यावर झंपर वास घेऊन मगच पिशवीत घालायची, शेवटपर्यंत.

त्या बागेच्या फाटकावर मालकाने उन्हावर चालणारा एक दिवा लावला होता. वर काळी काच, खाली पेटी. तार नाही, मीटर नाही. हे रोज संध्याकाळी त्या दिव्याखाली जाऊन उभे राहायचे. म्हणायचे, "सुईत दोरा जातो बघ इथे." पुढच्या पावसाळ्यात नाशिकच्या दुकानात चौकशी केली. काच, बॅटरी, उजेडाच्या दोन नळ्या, सगळं मिळून अकरा हजार. आमच्याकडे चार होते, त्यातही गॅसबत्ती विकून आलेले धरून.

बाकीचे सात आक्कांनी दिले. आक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. वणीला त्यांचं नारळ, खण, हळदीकुंकवाचं दुकान होतं. माणूस एकटा, जीभ तिखट. समोरचे दात एकेक करून सगळे पडले होते. कवळी बसवायला त्यांनी हळदीच्या रिकाम्या डब्यात पैसे साठवले होते, आणि त्या दिवाळीनंतर बसवायचीच असं ठरलं होतं. तोच डबा त्यांनी पुढे सरकवला.

"आता ऊनबी इकत घ्यायची पाळी आली का रे तुझ्यावर?" भावाला म्हणाल्या.

"आक्का, होळीचं शिवण झालं की चैत्राच्या जत्रेआधी देतो. तोवर तुझ्या दातांचं..."

"दात काय, गेलेच हायेत. ते काय परत पळून जाणार हायेत व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पर पोरी, जत्रेच्या आधी हां. गिऱ्हाईकासमोर तोंडावर पदर धरून लय कट्टाळले."

मी मान हलवली. मला त्यांच्यासमोर बोलायला कधी जमत नसे. त्या दिवशी त्या जेवायला बसल्या तेव्हा भाकरी कुस्करून ताकात भिजवली आणि बराच वेळ बोटाने ढवळत राहिल्या. ते माझ्या डोळ्यांसमोरून गेलं नाही.

काच बसवायला दुकानातून फिटर आला. पन्नाशीचा, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. सामान बघून मला नवल वाटलं, एवढ्याशा काचेचे एवढे पैसे! त्याने टपावर लोखंडी पट्ट्यांची चौकट ठोकली, दक्षिणेकडे थोडा उतार देऊन काच बसवली, पत्र्याच्या भोकांना डांबर फासलं. वायर खिडकीशेजारून आत आणली. बॅटरी मशीनखाली लाकडी खोक्यात. ट्रॉली खड्ड्यातून जाताना ती हलू नये म्हणून ह्यांनी सीटच्या कॅनव्हासचा पट्टा शिवला, दुहेरी टाक्याचा. फिटरने तो पट्टा ओढून बघितला. "काका, हे आमच्या दुकानातसुद्धा मिळत नाही," म्हणाला. भिंतीवर छोटी पेटी लावली. हिरवा दिवा म्हणजे भरतंय, लाल म्हणजे संपलं.

आक्का मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्यांनी शिडीवर चढून काचेला कुंकू लावायला बोट पुढे केलं, तर फिटर खालून ओरडला, "आजी, काचेला नको! बाजूच्या पट्टीला लावा. काचेवर बोटभर सावली पडली तरी काम मंदावतं."

"देवाचं कुंकूबी चालंना व्हय रं तुझ्या काचेला?" आक्का म्हणाल्या, पण पट्टीलाच लावलं.

संध्याकाळी ह्यांनी बटण दाबलं. आवाज नाही, वास नाही. फळीवरच्या कापडाचे उभे-आडवे धागे दिसायला लागले. मी वही उघडून माझंच अक्षर बघितलं आणि मिटली.

मात्र सावली सुटली. आता ट्रॉली आंब्याखाली उभी करायची नाही, उघड्या रानात करायची. मला ते फार जड गेलं. ह्यांनी पांढऱ्या मांजरपाटाचं छत शिवून पत्र्याखाली ताणलं. आक्का हसून म्हणाल्या, "उन्हात बसून उजेड कमवायचा. करा संसार!" पण गिऱ्हाईक वाढलं. बायका नुसत्या उजेडात बसायलासुद्धा येत. कोणी काटा काढून घेई, कोणी तांदूळ निवडी. ती पेठची बाई आली, झंपराचा वास घेतला आणि पहिल्यांदाच नाक न मुरडता झंपर पिशवीत घातला. शिवरात्र झाली तोवर होळीच्या कपड्यांचं एवढं काम आलं की फळीखाली पाय ठेवायला जागा नव्हती. मी वहीत बेरीज केली. आक्कांचे सगळे पैसे जत्रेआधी फिटत होते.

आणि मग मी कुरडया घातल्या.

शिवरात्रीनंतर वाळवण घालायचं हे माझ्या हाताला लहानपणापासून माहीत. तीन दिवस गहू भिजवला, चीक काढला, शिजवला. दर वर्षी खाटेवर घालायची, पण त्या बागेत टोळीच्या शेळ्या आणि कोंबड्या मोकाट. टपावर प्लास्टिक अंथरलं तर वाऱ्याने उडालं. टपाचा पत्रा गंजका. राहिली ती काच. स्वच्छ, गुळगुळीत, तापलेली, शेळीचं तोंड न पोचणारी. फिटरचं बोलणं माझ्या लक्षात होतं. नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. पण मला वाटलं, कुरडई काही सावली पाडत नाही, ती तर जाळीची असते. ऊन आरपार जातं. आणि हे दिवसभर मशीनवर वाकलेले, टपावर कोण बघतंय?

चार दिवस घातल्या. रोज सकाळी चढायची, साच्यातून गोल गोल पाडायची, संध्याकाळी उचलायची. अशा खडखडीत कुरडया माझ्या हातून कधी झाल्या नव्हत्या.

तिसऱ्या संध्याकाळी नळी पिवळी पडली. पाचव्या संध्याकाळी लाल दिवा लागला आणि अंधार झाला. तोवर मी कुरडया डब्यात भरल्या होत्या.

हे पेटीवर थापा मारायला लागले. "फसवलं! नवीन म्हणून जुनी बॅटरी गळ्यात मारली."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण ते इतके चिडले होते की माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "चहा ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी एसटीने नाशिकला जाऊन ते दुकानात भांडून आले. फिटर सुरगाण्याकडे कामावर गेलेला. तो यायला सहा दिवस लागले. गॅसबत्ती तर आम्हीच विकलेली. मागून आणलेल्या कंदिलावर ह्यांनी प्रयत्न केला, दोन बाह्या उलट्या बसल्या, उसवाव्या लागल्या. दिवसाउजेडी होईल तेवढंच झालं.

फिटर आला, थेट टपावर चढला. मी खाली शिडी धरून उभी. मग मीही दोन पायऱ्या चढून बघितलं. काचेवर पांढरी वर्तुळं होती, ओळीने, चिकाची. मी उचलताना घाईत पुसलीच नव्हती. त्याने नखाने एक खरवडलं, वास घेतला आणि खाली माझ्याकडे बघितलं.

"काय निघालं?" ह्यांनी आतून विचारलं.

त्याने नख पँटला पुसलं. "धूळ बसली होती, काका. औषधाची फवारणी पण असते ना बागेत. बॅटरी चांगली आहे, नुसती उपाशी राहिलीय. दोन दिवस दिवा लावू नका, भरेल. आणि काच रोज ओल्या फडक्याने पुसत जा." मला म्हणाला, "ताई, एक फडकं द्या." स्वतःच सगळी वर्तुळं पुसून काढली. जाताना मी त्याला चहाबरोबर काही खायला द्यावं म्हणून डबा उघडला आणि पुन्हा झाकला. त्यात कुरडयाच होत्या.

दोन दिवस बॅटरी भरेपर्यंत होळी आली. टोळ्या निघाल्या. बायका न शिवलेली कापडं परत मागायला आल्या. मी एकेक घडी घालून हातात देत होते. पेठची बाई म्हणाली, "आता गावात जुनंच घालून नाचू, काय त्याचं." रागावली नव्हती. त्याने मला जास्त लागलं.

जत्रेआधी आम्ही आक्कांच्या हातात तीन हजार ठेवले. चार राहिले. समोर गिऱ्हाईक आलं, आक्कांनी तोंडावर पदर घेतला आणि नारळ मोजून दिले.

ते सबंध वर्ष मी त्यांच्याकडे गेले की भाकरी मीच कुस्करायची. त्या म्हणायच्या, "अगं, हात हायेत मला." मी कुस्करतच राहायची.

पुढच्या वर्षी मी वाळवण घातलंच नाही. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, गहू महाग आहे. हे मात्र रोज सकाळी शिडी लावून काच पुसायचे, देवघरातली तसबीर पुसावी तशी. अजून पुसतात. ट्रॉली आता नुसती घरामागे उभी असते, खाली कोंबड्या बसतात, तरी पुसतात. "धूळ फार बसते," म्हणतात. त्या दुसऱ्या वर्षीच्या होळीला आमच्याकडे एकही कापड शिवायचं राहिलं नाही. पेठची बाई तर लेकीच्या लेकीचं झबलं शिवून घेऊन गेली.

चैत्राच्या जत्रेच्या चार दिवस आधी मी एकटीच वणीला गेले. ह्यांना म्हटलं, मीच देते. पदराच्या गाठीत चार हजार आणि पिशवीत जुना डबा. दुकानात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. मी पैसे पुढे केले, आणि ते आक्कांनी घ्यायच्या आत सगळं सांगून टाकलं. चीक, शेळ्या, जाळी, वर्तुळं, फिटर. एका दमात. इतकं बोलणं माझ्या तोंडून एकदम कधी निघालं नसेल. शेवटी डबा उघडून ठेवला. त्याच कुरडया, वर्षभर कोणाला तळून घातल्या नव्हत्या.

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग डब्यात बघितलं.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "माझे दात तू टपावर वाळत घातले व्हते?"

मी रडायला लागले. आणि त्या हसायला लागल्या, पदर न धरता, सगळं रिकामं तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"झाक तो डबा. कवळी बसली की तळू. तवर एकबी कुणाला द्यायची नाय. भावाला तर नायच, त्याला पुसू दे काच."

मग डोळे पुसून त्यांनी नोटा घेतल्या. बोटाला थुंकी लावून एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि हळदीच्या डब्यात घालून झाकण दाबलं.

"सात झाले," म्हणाल्या. "फिटलं."