घरी बोलते हो ती!

आमच्या गारखेड्याच्या घरात भाजीची गाडी रोज स्वयंपाकघरात यायची. माझी मुलगी ताटात कांदे-बटाटे मांडून आरोळी ठोकायची, "आलू ले लो, कांदा ले लो, ताजा ताजा टमाटा!" शेजारच्या काकूंनी बेल वाजवली की पुढचा शब्द घशातच राहायचा. आणि शाळेतल्या बाई मला विचारत होत्या, "ताई, मुलगी मुकी आहे का?"

"नाही हो, घरी बोलते ती." हे वाक्य बोलून बोलून माझं तोंड दुखलं.

सिनियर केजी संपत आलं तरी तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. बाथरूमला जायचंय हेसुद्धा सांगायची नाही. घरी आली की चपला भिरकावून आत पळायची आणि दाराआडूनच दिवसभराचं सगळं सांगत बसायची. शाळेने कळवलं, पहिलीला वेगळी शाळा बघा. वेगळी म्हणजे कसली, ते मला बरोबर कळलं. रात्री डोळ्याला डोळा लागेना.

नवऱ्याची शेंद्र्याला कंपनीत पाळी, म्हणून स्कूटीवर मीच तिला घेऊन हिंडत होते. कानाच्या डॉक्टरांनी कान उत्तम असल्याचं सांगितलं. दुसऱ्यांनी जीभ दाखव म्हटलं, तर तिने ओठ घट्ट मिटले. "जिभेखालची तार चिकटलेली असणार, कापून टाकू," म्हणाले. न बघताच! मी तिला उचललं आणि बाहेर पडले. तिसऱ्यांनी, ती नजरेला नजर देत नाही म्हणून, स्वमग्न असल्याचं लिहून दिलं. मी मोबाईलमधला तिच्या भाजीवालीच्या खेळाचा व्हिडिओ पुढे केला.

"घरी सगळीच मुलं बोलतात," ते म्हणाले.

"अहो, मी दुसरं काय सांगतेय मग?" माझा आवाज इतका चढला की बाहेरची माणसं डोकावली. मुलगी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून शेजारीच उभी होती. प्रत्येक दवाखान्यात ती अशीच उभी राहायची, आणि आम्ही मोठी माणसं तिच्या डोक्यावरून बोलत राहायचो.

पिशोरहून सासूबाईंचा फोन आला. "कापाकापी नाय करायची. पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घाला, बोलंल पोरगी." मला हसू आलं आणि रागही. तरी गेले. तेव्हा कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी केलं असतं.

सासूबाईंनी चोच मारलेला पेरू शोधून ठेवला होता. मुलीने तो मिटक्या मारत खाल्ला आणि म्हणाली, "आज्जी, अजून एक दे ना, लई गोड हे!"

"बोलली वं बाई, बोलली!" सासूबाईंनी सगळी आळी गोळा केली. अंगण बायकांनी भरलं आणि मुलगी खांबासारखी गप्प झाली.

"अहो आई, तुमच्याशी ती आधीपासूनच बोलते ना!"

"पेरू पिकला नसंल पुरता," त्या म्हणाल्या.

शेवटी नवऱ्याच्या मित्राने लहान मुलांच्या एका मानसोपचार डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं. मी दारातच भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी आधी व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि खळखळून हसल्या. मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. खेळण्यातली भाजी जमिनीवर ठेवून म्हणाल्या, "तुम्ही दोघी खेळा, मी बाहेर बसते." दार किंचित उघडं ठेवलं.

मुलगी बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग हळूच, "आलू ले लो." मग जरा मोठ्याने. मी वांगी मागितली. एका हातात माझी ओढणी, दुसऱ्या हाताने वांगी निवडताना तिने मान वर न करताच विचारलं, "आई, त्या वेगळ्या शाळेत मुकी पोरं असतात ना? तिथं गेल्यावर मी घरीपण मुकी होणार का?"

मी तिला नुसतं जवळ ओढलं.

डॉक्टरबाई आत येऊन जमिनीवरच बसल्या. "याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. हट्ट नाही, भीती आहे. घराबाहेर आवाज अडकतो. वेळ लागेल, पण सुटतो." मग माझ्याकडे न बघता, टोमॅटो नीट लावत म्हणाल्या, "हिची शाळा आहे तीच राहील. बाईंशी मी बोलेन. आणि घरचं बोलणं कुठंही जात नाही."

मुलीने एक टोमॅटो उचलला, मग दुसरा, आणि दोन्ही हातांनी डॉक्टरबाईंपुढे धरले. माझी ओढणी तिने सोडली होती.