पहिल्या पंक्चरचं चित्र

गंगापूर रोडला पंक्चर काढणारा एक माणूस बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. सकाळच्या पहिल्या चाकातून खिळा, काच, जे काही निघेल, त्याचं त्याच दिवशी एक चित्र करायचं, हा त्याचा नेम. जुनी ट्यूब कात्रीने कापून तो तुकडे फळीवर सोल्युशनने चिकटवतो आणि त्यात तो खिळा बसवतो.

एकदा सकाळचं पहिलं चाक माझ्या स्कूटरचं होतं; त्यातून बाभळीचा काटा निघाला. बोटांत फिरवत त्याने विचारलं, "साहेब, ह्यात काय दिसतं?"

"काटा." मला ऑफिसला उशीर होत होता आणि याला कोडी सुचत होती.

"काटा तर टायरलाबी कळला," तो म्हणाला.

संध्याकाळी परतताना पाहिलं, तर फळीवर काळा बगळा उभा. माझा काटा त्याची चोच झाला होता. कितीतरी वेळ मी बघत राहिलो.

गेल्या आठवड्यात पुन्हा पंक्चर, आणि पुन्हा सकाळचं पहिलं चाक माझंच. या वेळी वाकडा खिळा निघाला. त्याने विचारायच्या आत मीच म्हणालो, "बगळ्याचा पाय!"

"बगळा झाला की, साहेब," त्याने मान हलवली. "दुसरं बघा."

उशीर त्या दिवशीही होत होता. मी खिळा हातात घेतला आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसलो.