नवऱ्याचं वय वाढवायला आलेली रविना

रविनाला खाली बस म्हटलं की ती उभी राहते. दारात जाते, रस्ता बघते, परत येते. तलासरी नाक्यावरच्या माझ्या फोटो स्टुडिओत ती पाच वर्षं अशीच येतेय, कारण कुठल्या ना कुठल्या कचेरीला तिच्या नवऱ्याचा फोटो लागतो. आणि मी तिच्यावर खेकसतो. काय करणार, तिची घालमेल बघून माझंही डोकं ठिकाणावर राहत नाही.

ती झरीची. नवरा मुकेश खलाशी म्हणून गुजरातच्या बोटीवर गेला. बोट हद्द ओलांडून गेली आणि तो पलीकडच्या देशात तुरुंगात पडला. रविना बोर्डीच्या वाडीत चिकू वेचते. खलाशी सुटणार अशी आवई उठली की हातातलं काम टाकून धावते. दर वेळी सुटलेले दुसरेच निघतात.

परवा पुन्हा आवई उठली. रविना धापा टाकत आली आणि फोनमधला लग्नातला मुकेश माझ्यापुढे धरला. गाल भरलेले, केस दाट.

"तुषारदादा, याचा पेन्सिलने काढल्यासारखा फोटो कर. पण आता दिसत असंल तसा."

"आता कसा दिसतो ते मला काय माहीत?"

"पोरीला मी हाच दाखवलाय. उद्या कोणी वाळलेला माणूस दारात आला आन पोर भ्याली तर? बाप आपल्याच घरात परका व्हायचा."

कॉम्प्युटरवर वय वाढवायचं तयार बटण होतं, ते दाबलं. पांढऱ्या दाढीचा आजोबा निघाला.

"एवढा नको!" ती ओरडली.

मग नीट कामाला लागलो. फोटोतले रंग काढले, त्याचीच निगेटिव्हसारखी उलटी प्रत वर ठेवली आणि दोन्ही मिसळल्या. पडदा कोरा पांढरा झाला. स्केच करताना तसंच होतं, पण तिने टेबल गच्च धरलं.

"कुठं गेला?"

"येतोय गं बाई, दम धर!"

वरची प्रत हळूहळू धूसर केली, तशा रेषा उमटल्या. भुवया, नाक, मग ओठ. पुढचं माऊसने. गाल आत घेतले. केस पुढून विरळ केले, कारण त्याच्या थोरल्या भावाचे तसेच गेलेत. डोळ्यांखाली रेघ मारली की म्हणे पूस, पुसली की म्हणे असू दे. अगदी मेटाकुटीला आणलं तिने. शेवटी पडद्यावर एक दमलेला माणूस दिसायला लागला आणि ती म्हणाली, आता राहू दे.

मी प्रिंट काढली. बघतो तर ती कॅमेऱ्यासमोर निळ्या पडद्याला पाठ लावून उभी.

"आता माझा काढ. तिकडं पत्र जातं, त्यात घालते."

"तुझा कशाला?"

"त्याच्या डोक्यात लग्नातलीच रविना असंल ना." तिने कानावरची पांढरी बट पुढे ओढली. "हे केस काळे करू नको हां, दादा. तो बाहेर आला आन माझ्यासमोरून मलाच शोधत गेला तर?"