भूमच्या स्टँडवरचा फ्लेक्स

“केबिनीत सगळंच चांगलं दिसतंय. उन्हात बघू,” असं म्हणत ते जाहिरातीचं प्रूफ घेऊन बाहेर पडत. धाराशिवच्या त्या गाड्यांच्या शोरूमच्या दारात, हात लांब करून कागद धरलेले आणि डोळे बारीक केलेले मॅनेजर तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असतील. फ्लेक्स उन्हातच लागणार, हे त्यांचं कारण. पटलं की तिथंच सही करत.

वृत्तपत्रातली नोकरी सोडून मी जाहिरातीची लहान एजन्सी काढली होती. हे शोरूम माझं एकमेव मोठं गिऱ्हाईक. पहिल्या भेटीत त्यांनी माझा मजकूर बाजूला ठेवला आणि एका ग्राहकाच्या टेस्ट ड्राइव्हला मला मागच्या सीटवर बसवून पाठवलं. परतल्यावर विचारलं, त्यानं काय काय विचारलं? गुडघे टेकतात का आणि गावच्या रस्त्याला गाडी खाली घासते का, एवढंच. माझ्या मजकुरात यातलं काहीच नव्हतं.

“मग तेवढंच लिवा,” ते म्हणाले. वर्कशॉपमध्ये ओळख करून देताना त्यांनी मला एजन्सीवाला म्हटलं नाही. “हे आपल्यातलेच,” म्हणाले.

पुढं भूमच्या एका कुटुंबानं गाडी घेतली. वडील एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. घरची गाडी ही पहिलीच. डिलिव्हरीच्या फोटोत ते कडेला, बॉनेटवर हात ठेवून उभे होते. जाहिरातीला घरच्यांनी आनंदानं परवानगी दिली. प्रूफवर सही झाली. छापताना मात्र कंपनीच्या नावाची पट्टी बसेना. मी फोटो एका बाजूनं कापला आणि मॅनेजरना न दाखवता फ्लेक्स लावून टाकला, नेमका भूमच्या एसटी स्टँडसमोर. त्यात वडील नव्हते. बॉनेटवर फक्त त्यांचा हात होता.

त्यांच्या मुलानं थेट शोरूमच्या मालकांना फोन केला. मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. एजन्सी बदला, सोलापूरची बघा, म्हणाले. मग मॅनेजरना विचारलं, हे पास कुणी केलं?

“सही माझी हाय.”

मी गप्प राहिलो. एजन्सी टिकली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मला भूमला घेऊन गेले. वडिलांनी आधी चहा दिला.

“फोटो न्हाय लागला तरी चाललं असतं, साहेब. पण हात कुणाचा, हे अख्ख्या स्टँडला सांगत बसावं लागलं.”

“चूक आमची हाय,” मॅनेजर म्हणाले. नवा फोटो काढू द्या, अशी विनंती त्यांनी केली. वडील ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि मला थांबवून दोन्ही आरसे नीट करून घेतले. गाडी हलणार नव्हती.

परतीच्या वाटेवर मी सहीचं बोलायला लागलो. त्यांनी पुढच्या महिन्याच्या जाहिरातीचा विषय काढला.

गेल्या वर्षी मॅनेजर वारले. माझ्या एजन्सीत आता चार जण आहेत. शोरूमचं काम अजून आमच्याकडेच आहे. मालक हे वाचतील, म्हणून एक दुरुस्ती: मॅनेजरनी सही केली त्या प्रूफात वडील पूर्ण दिसत होते. फोटो मी नंतर कापला.