बॉम्बर हलता कामा नये

रवींद्ररावांबद्दल दोन शब्द बोला, असं त्यांच्या पत्नीनं, मीनलताईंनी, शोकसभेत सांगितलं तेव्हा निशिकांतच्या लक्षात आलं की हा माणूस आपल्याला जवळपास माहीतच नव्हता. ते बँकेतून निवृत्त झाले होते, हेसुद्धा त्याला सिंगापूरमधल्या त्यांच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये त्याच दिवशी कळलं. २०१२ पासून चार वर्षं दर रविवारी दोघं मॉडेल विमानांच्या मैदानावर भेटत होते, पण बोलणं कधी विमानांपलीकडे गेलं नाही. निशिकांत हात जोडून नुसताच उभा राहिला आणि खाली बसला.

रवींद्ररावांना एकाच विमानाचं वेड. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं एक चिमुकलं लढाऊ विमान करून पाहिलं होतं. बॉम्बरच्या पोटात बसून जायचं, शत्रू आला की बाहेर पडायचं, आणि लढून झालं की बॉम्बरखाली सोडलेल्या दांडीला नाकावरचा आकडा अडकवून परत आत, असा बेत. उतरायला चाकंच नव्हती. "पहिल्याच खेपेला दांडी सरळ काचेवर बसली," ते डोळे चमकवत सांगायचे, "वैमानिकाचं हेल्मेट उडवून नेलं. गडी पोटावर घसरत उतरला. जिवंत."

त्यांनी त्या जोडीची मॉडेलं बनवली. छोटं ते उडवायचे, बॉम्बर निशिकांत. छोटं सुटायचं झकास, परत अडकणं मात्र एकदाही जमलं नव्हतं. मरायच्या आधी एकदा ते व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि खोट निशिकांतच्या अंगठ्यात होती. जन्मभर तो बाजूला सरकत आलेला. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, दारात सरकायचा, सुनेच्या स्वयंपाकघरातही. छोटं विमान जवळ आलं की अंगठा आपोआप रिमोटची स्टिक ढकलायचा, दांडी हुकायची आणि छोट्याचा पंखा बॉम्बरचं पोट फाडायचा. थर्मोकोलचा चुरा गवतावर पडायचा.

"अरे, तू घर आहेस त्याचं," रवींद्रराव ओरडायचे. "घर कधी सरकतं का?"

मे महिन्यात अंगठा पुन्हा सरकला, आणि या वेळी बॉम्बरचं पोट नाही, छोट्याचा पंखच तुटला. छोटं भेलकांडलं आणि किंचाळत थेट दोघांवर आलं. निशिकांत वाकला. रवींद्रराव रिमोट सोडेनात. पंख्यानं त्यांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत उभा चिरला. रक्त रिमोटवर, बुटांवर, निशिकांतच्या चष्म्यावर. त्यानं शर्ट काढून जखमेवर आवळला, तरी ते कापडातून ठिबकतच राहिलं. अँब्युलन्समध्ये चढताना रवींद्रराव एवढंच म्हणाले, "साल्या, पुन्हा सरकलास."

सतरा टाके पडले. निशिकांतनं मनाशी ठरवलं, आता काहीही होवो, हलायचं नाही.

चौथ्या रविवारी, मीनलताई नको नको म्हणत असताना, रवींद्रराव मैदानावर हजर झाले. छोटं सुटलं, वळलं, खालून आलं. आकडा दांडीला घासून निसटला. निशिकांतनं दात ओठात रुतवले. पुन्हा आलं, पुन्हा निसटलं. तोंडात रक्ताची चव आली, पण अंगठा जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा छोटं पूर्ण वेगात बॉम्बरच्या पोटात घुसलं. बॅटरी फुटली. दोन्ही विमानं एकमेकांत अडकून जळत खाली आली आणि धाडकन आपटली. रवींद्ररावांनी जळत्या सांगाड्याला लाथा घातल्या, दम लागेपर्यंत. मग आगीसाठी ठेवलेल्या बादलीतली वाळू त्यावर ओतली.

"हललास?"

"नाही."

रवींद्ररावांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं थरथरत होती.

"मग मीच," ते म्हणाले.

त्यानंतर चौथ्या दिवशी त्यांचं हृदय थांबलं. त्या रविवारी मात्र दोघं बस स्टॉपवर उभे होते. जळके तुकडे भरलेली काळी पिशवी निशिकांतच्या हातात होती.

"आण ती इकडे."

"असू दे माझ्याकडे."

"जड आहे."

"असू दे म्हणतो ना."

"बरं, मग नीट धर. टोक लागेल कुणाला."